साइट उघडली म्हणजे झालं का?

भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी कितीतरी छोटी वर्कशॉप्स आहेत. त्यांच्या ऑर्डरी, ड्रॉइंग, बिलं मेलवर येतात-जातात. अशा ठिकाणी होस्टिंग बदलून "साइट उघडतेय ना, मग झालं" म्हणणं मला मुळीच पटत नाही.

नेमसर्व्हर बदलला म्हणून जुना झोन आपोआप नव्या जागी जात नाही. वेबसाइटची नोंद वेगळी, ती 'ए'. मेलची वेगळी, ती 'एमएक्स'. एमएक्स भरायची राहिली, तर पाठवणारा सर्व्हर मेल वेबसाइटच्याच पत्त्यावर न्यायला बघतो. तिथे ती घेणारं बहुधा कुणी नसतं. साइट मात्र झकास दिसते!

म्हणून बदलाच्या आधीच 'डिग' कमांडने विचारा. आधी डिग, मग @ आणि त्याला चिकटून नव्या नेमसर्व्हरचं नाव, पुढे आपलं डोमेन, शेवटी एमएक्स. (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत.) @ दिलं नाही तर मधल्या सर्व्हरने साठवलेलं शिळं उत्तर मिळू शकतं, टीटीएल ८६४०० असेल तर २४ तासांपर्यंतचं. फ्लॅग्जच्या ओळीत 'एए' दिसलं, की उत्तर त्या सर्व्हरच्या स्वतःच्या झोनमधलं समजा.

प्रॅक्टिकलला आपण पिंगवरच भागवतो. पिंगला एमएक्स कळतच नाही! डिगसाठी एक पूर्ण तास हवाच.

आणि हो, जुना झोन लगेच पुसू नका. टीटीएल संपेपर्यंत काही सर्व्हर अजून तिथेच विचारायला येतात.