विचारल्याशिवाय स्कोअर सांगू नये

मंडळी, आजचा विषय क्रिकेटचा आहे, पण बॅटिंग-बॉलिंगचा नाही. शेजारधर्माचा आहे.

२९ जून २०२४, शनिवार. बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आपल्याकडे रात्री आठला सुरू. आणि त्याच रात्री नऊ वाजता आमचं प्रॉडक्शन रिलीज. (रिलीजच्या तारखा ठरवणाऱ्या लोकांना कॅलेंडर देतात, पण त्यात मॅचेस छापलेल्या नसतात बहुतेक.) बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग मीही नाही बघत. उद्या सकाळी दोघं बसून बघू."

"अहो, तुम्ही बघा ना. माझ्यासाठी कशाला थांबता?"

"एकट्याने फायनल बघणं म्हणजे एकट्याने पत्ते खेळणं. उद्या बघू."

यात एक जुना हिशोब होता. १९८३ ला मी दोन वर्षांचा होतो आणि झोपलो होतो. २००७ ला न्यू जर्सीत ऑनसाईट. २०११ ला पुन्हा ऑनसाईट. वन-डेच्या हरलेल्या फायनल्स मात्र, २००३ ची आणि २०२३ ची, आम्ही एकाच सोफ्यावर शेजारी बसून बघितल्या. म्हणजे भारत वर्ल्ड कप जिंकतोय आणि बाबा शेजारी आहेत, असं आयुष्यात एकदाही घडलं नव्हतं. दोघांनाही हे माहीत होतं. बोललो नाही, इतकंच.

तर मी बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन कॉलवर, बाबा त्यांच्या खोलीत पुस्तक घेऊन. टीव्ही बंद. फोन बंद करणं शक्य नव्हतं, कारण ओटीपी फोनवर येणार आणि काही फुटलं तर अलर्टही फोनवरच. सगळे ग्रुप म्यूट केले आणि फोन पालथा ठेवला. पावणेबाराला ओटीपी आला म्हणून फोन उचलला, तर ओटीपीच्या खाली नाशिकच्या मामेभावाचा मेसेज. ग्रुपवर नाही, खास मला: "सूर्याचा कॅच!!! जिंकलोऽऽऽ!! तू कामात अडकला असशील म्हणून लगेच कळवतोय."

संपलं. साडेतीन तासांची तपश्चर्या, एका ओळीत.

सकाळी मी चेहऱ्यावर काही न दाखवता उठलो. बाबांनी पेपर घडी न उलगडता, पालथा करून चपलांच्या कपाटावर ठेवला होता. ॲप उघडलं की पहिल्याच स्क्रीनवर ट्रॉफीचा फोटो येणार, म्हणून बायकोने आम्हाला बाहेर उभं करून रिप्ले लावून दिला. तिला निकाल माहीत होता. चेहरा मात्र इस्त्री केलेला. मग मॅच सुरू झाली. कोहलीचे ७६, आपले १७६. क्लासेनने अक्षरच्या एका ओव्हरमध्ये २४ काढले आणि त्यांना ३० बॉलमध्ये ३० हवे झाले. बाबा "गेली मॅच" म्हणाले. मीही "गेली" म्हणालो. मला आत काहीच होत नव्हतं. लाइव्ह बघितली असती तर त्या क्षणी मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो असतो.

शेवटची ओव्हर. १६ हव्यात. हार्दिकचा पहिला बॉल, मिलरने उचलला. तो बॉल मी बघितलाच नाही. मी बाबांकडे बघत होतो, त्यांचा चेहरा बघायला. आणि बाबा माझ्याकडे बघत होते.

दोन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, "रात्री साडेअकराला फटाके वाजले रे. हरल्यावर कोण फटाके लावतं?"

हसलो आम्ही, खूप हसलो. पण काहीतरी हुकलं ते हुकलंच.

मामेभावावर मी रागावू शकलो नाही. आणि का रागावू शकलो नाही, याचा विचार करताना माझं या विषयावरचं मत तयार झालं.

त्याने चांगुलपणाच केला होता. आपल्याकडे स्कोअर सांगणं हे पाणी विचारण्यासारखं आहे. ट्रान्झिस्टर कानाला लावलेला माणूस दिसला की त्याला अनोळखी माणसाने "किती झाले?" विचारायचं आणि त्याने "चार बाद दोनशे दहा, गावसकर आहे अजून" असं सांगायचं. पानाच्या टपरीवर, लोकलमध्ये, बँकेच्या काउंटरवर. कोणी कोणाचं नाव विचारत नव्हतं, पण स्कोअर सांगायला नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. ही आपली फार चांगली सवय आहे आणि ती जावी असं मला अजिबात वाटत नाही.

पण त्या सवयीत एक गोष्ट होती जी आपण हरवून बसलो. तिथे आधी प्रश्न होता. "किती झाले?" असं कोणीतरी विचारायचं, मग उत्तर यायचं. आमच्या धंद्याच्या भाषेत याला पुल म्हणतात, ज्याला हवं त्याने येऊन घेऊन जावं. फोनने त्याचं पुश करून टाकलं. आता प्रश्न नसतानाच उत्तर येतं आणि तुमच्या लॉक स्क्रीनवर येऊन बसतं. टपरीवरच्या माणसाने तुमच्या घरी येऊन, बेल वाजवून, "दोनशे दहा!" असं ओरडून जावं, तसं हे आहे. सवय तीच, भावना तीच, पण आता ती घरात घुसते.

म्हणून माझं मत एका ओळीत असं: निकाल चव्हाट्यावर कितीही पडलेला असू दे, कोणाच्या दारात नेऊन टाकू नये.

पेपर कपाटावर पालथा पडलेला होता, त्यात निकाल होता, पण तो उलटायचा की नाही हे बाबांच्या हातात होतं. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या रात्रीच्या बातम्यांत एक जुनी पद्धत आहे. नंतर फुटबॉलच्या मॅचेस दाखवायच्या असतील, तर निवेदक सांगतो की आता स्कोअर पडद्यावर येतील, नको असतील त्यांनी नजर वळवा. साधी गोष्ट. बातमी दिली आणि माणसाचा हक्कही ठेवला. याउलट २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेत एनबीसीने मिसी फ्रँकलिनची शर्यत उशिरा दाखवली, आणि ती दाखवायच्या जरा आधी दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची जाहिरात लावली, ज्यात ती गोल्ड मेडल घेऊन होती! स्वतःच जपून ठेवलेला निकाल स्वतःच फोडला.

आता कोणी म्हणेल, खेळ लाइव्हच असतो, ज्याला उशिरा बघायचंय त्याने फोन बंद ठेवावा. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण फोन आता फक्त करमणुकीचा राहिलेला नाही. ऑन-कॉल असलेला इंजिनियर, नाईट ड्युटीवरची नर्स, गावाकडे आजारी आई असलेला मुलगा, यांनी फोन कसा बंद ठेवायचा? आणि मॅच हुकते ती नेमकी याच लोकांची.

शिवाय "लाइव्ह" म्हणजे तरी काय हो? ॲपवर मॅच येते तेव्हा तिचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात आणि अडखळू नये म्हणून प्लेअर दोन-तीन तुकडे आधी साठवून मग दाखवायला लागतो. या तंत्राच्या सुरुवातीच्या काळात ॲपलची शिफारस दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांची होती. तीन तुकडे धरले की अर्धा मिनिट तिथेच गेला. आता हा वेळ बराच कमी झालाय, पण गेलेला नाही. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादची फायनल. आमच्याकडे ॲप, वरच्या मजल्यावरच्या काकांकडे डिश. रोहितने मॅक्सवेलला सिक्स मारली, मग फोर मारली, मी आणि बाबा खूश, आणि वरून आवाज आला, "अरे अरे अरे!" रोहित आमच्या टीव्हीवर अजून नाबाद होता. पुढचा बॉल पडेपर्यंत आम्ही त्याच्याकडे फाशीच्या कैद्याकडे बघावं तसं बघत होतो.

पण काकांची यात काही चूक नाही. माणूस आपल्या घरात ओरडला. २९ जूनला फटाके लावणाऱ्यांचीही नाही. आनंद उतू जाणारच, त्याला नियम लावायला गेलो तर आपण फारच खडूस होऊ. फरक आहे तो उतू गेलेल्या आवाजात आणि माझ्या नावाने पाठवलेल्या मेसेजमध्ये.

दुसरा आक्षेप जरा शहाणा आहे. ऑफिसमधल्या एका मित्राने मला ऐकवलं की २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या लेव्हिट आणि क्रिस्टेनफेल्ड यांनी प्रयोग केला होता, आणि त्यात शेवट आधीच सांगितलेल्या कथा लोकांना उलट थोड्या जास्तच आवडल्या. बरोबर आहे. पण त्या कथा होत्या. कथेला लेखक असतो, शेवट कळला तरी त्याने तो कसा रचला हे बघण्यात मजा असते. मॅच कोणी रचलेली नसते (म्हणजे नसावी!). तिथे "आता काय होणार?" हाच अर्धा माल आहे. कपिलने रिचर्ड्सचा घेतलेला कॅच आपण शंभरदा बघतो आणि शंभरदा आवडतो, हे खरं. पण तो पहिल्यांदा फक्त एकदाच बघता येतो.

मग करायचं काय? आमच्या घरात त्यानंतर जे ठरलं ते सांगतो.

एकेकट्याला मेसेज करायचा असेल तर आधी "बघतोयस का?" एवढंच. उत्तर आलं की मग काय तो दंगा. मॅचचा ग्रुप वेगळा, ज्याला बघता बघता बोलायचंय तो तिथे, आणि तिथे काहीही बोलायची मुभा. १९ जानेवारी २०२१ ला गॅबावर पंत खेळत होता तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि अशाच एका ग्रुपवर बॉल-टू-बॉल जगत होतो. ते सुख कोणी बंद करू नये. पण घरच्या ग्रुपवर, जिथे आत्याच्या गुडघ्याचे रिपोर्ट येतात, तिथे दुसऱ्या दिवशीचा पेपर येईपर्यंत निकाल नाही. पेपर आला की मुदत संपली. त्याच्यापेक्षा जास्त वेळ जगाने थांबावं ही अपेक्षा चुकीची.

"मी काही सांगत नाही हं, पण शेवटची ओव्हर चुकवू नकोस" हे वाक्य सर्वात वाईट. निकाल नाही सांगितला, पण मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत जाणार हे सांगितलं. आता मधली प्रत्येक विकेट, प्रत्येक सिक्स फुकट. हुशारीने केलेली चोरी ही चोरीच.

आणि उशिरा बघणाऱ्याचीही जबाबदारी आहे. आपण उशिरा बघणार हे त्याने आधी चार माणसांना सांगावं, ग्रुप म्यूट करावेत, आणि तरीही कळलं तर सांगणाऱ्यावर ओरडू नये. मी मामेभावाला आधी सांगितलंच नव्हतं, ही माझी चूक. सांगितलं असतं तर तो गप्प बसला असता, एवढा तो चांगला आहे.

एनबीए आणि अमेरिकन बेसबॉलच्या ॲपमध्ये स्कोअर लपवायचं बटण असतं. चांगली सोय आहे. पण माणसांसाठी असं बटण कोणी काढेल असं वाटत नाही. ते आपणच एकमेकांसाठी दाबायचं.

बाबा आता पंच्याहत्तरीला आलेत. पुढच्या फायनलला मी रजा टाकणार आहे, रिलीज असो वा नसो. तरी समजा अडकलोच, तर नाशिकला आधी फोन करून ठेवीन. फटाक्यांचं काय करायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही. असो.