यंदाचं एक पान द्या

‘साहित्य पूर्वप्रकाशित नसावे.’ दिवाळी अंक असो, नाताळ अंक असो की गावच्या मंडळाची लेखनस्पर्धा, आवाहनाच्या तळाशी ही ओळ ठरलेली. एके काळी ती रास्त होती. प्रकाशित म्हणजे छापलेलं आणि छापलेलं म्हणजे कुठल्या तरी गठ्ठ्यात टिकलेलं, असा साधा हिशेब होता. आता तो बिघडला आहे. वसईतल्या गासची एखादी बाई रात्री जेवणं उरकल्यावर आपल्या आईच्या लुगड्याविषयी पानभर मजकूर लिहिते आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. बरेच जण हात जोडतात, दोघं-तिघं डोळे पाणावल्याचं कळवतात. सकाळी त्यावर सुप्रभाताच्या फुलांचा ढीग पडतो. संपादकाच्या लेखी तो मजकूर प्रकाशित झालेला, म्हणून अंकात नको. ग्रंथपालाच्या लेखी तो कुठेच छापलेला नाही, म्हणून कपाटात नाही. आणि तिनं मोबाईल बदलला की तिच्याजवळही नाही.

हे आवाहन त्या पानासाठी आहे.

वसई-विरारमध्ये लिहिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. निर्मळ, वाघोली, आगाशीच्या वाड्यांमध्ये लिहिणारी घरं आहेत. नालासोपारा आणि विरार पूर्वेच्या इमारतींमध्ये कोकणातून, घाटावरून आलेली माणसं आहेत. चर्चगेटपर्यंतच्या प्रवासात उभ्यानं, एका हाताच्या अंगठ्यानं ती लिहितात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मांगेली बोलतात, पूर्वेच्या पाड्यांवर वारली, वाड्यांमध्ये वाडवळी आणि सामवेदी, म्हणजे जिला आपण कादोडी म्हणतो ती. एवढ्या छोट्या पट्ट्यात इतक्या बोली नांदतात आणि अंकासाठी लिहायची वेळ आली की आपण सगळे मुकाट्यानं प्रमाण मराठीत शिरतो. बोली राहते घरच्यांसाठी. गोड्या पाण्याचं बावखल बुजवलं त्या दिवशी भावाला लिहिलेला मजकूर, आजीच्या तिसाव्या दिवसाच्या मिसेनंतर वाचलेली चार वाक्यं, जुलै २०१८ च्या पावसात लोकल बंद पडल्या आणि मिठागरांतली माणसं अडकली तेव्हाचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत, हे सारं घरच्या बोलीत उतरतं. माझ्या मते आपलं सगळ्यात चांगलं लेखन तेच आहे आणि पहिलं नाहीसं होतं तेही तेच.

नाताळ आणि एकतीस डिसेंबर यांच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी आम्ही थोडी मंडळी कुणाच्या तरी ओटीवर बसतो. याला नाव नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. प्रत्येकानं वर्षभरात स्वतः लिहिलेल्यातलं एक काहीतरी आणायचं, वाचायचं आणि ते का आवडतं हे सांगायचं. अट एकच. लोकांना आवडलेलं चालणार नाही, स्वतःला आवडलेलं पाहिजे. या अटीमुळे फार गमती होतात. स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवणारे एक गुरुजी सोसायटीच्या टाकीच्या सफाईची नोटीस घेऊन आले होते. पाणी बंद राहणार हे सभासदांना सांगताना आपली वसई पूर्वी पाण्यानं कशी भरलेली होती, हे त्यांच्या हातून दोन ओळींत उतरून गेलं होतं. पुढे ती नोटीस फाडून कुणी तिच्यावर किराणा मालाची यादी लिहिली. गुरुजींच्या मते त्या वर्षातलं त्यांचं उत्तम लेखन तेच, आणि आम्हालाही तसंच वाटलं. ज्या लेखनावर अंगठ्यांचा पाऊस पडला ते इथे क्वचितच येतं. लिहिणाऱ्याला आतून ठाऊक असतं की ते टाळ्यांसाठी लिहिलं होतं.

अलीकडे मात्र माणसं रिकाम्या हातांनी यायला लागली आहेत. लिहिलं होतं, पण सापडत नाही. फोन पाण्यात पडला, ग्रुप सोडला, पासवर्ड मुलाला माहीत होता आणि तो कॅनडात. बैठक बंद पडली तर माणसांच्या आळसानं पडणार नाही. आणायला काही उरलं नाही म्हणून पडेल.

यावर आधी कुणी विचार केलाच नाही असं नाही. मराठी ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींनी २००८ साली ‘रेषेवरची अक्षरे’ नावाचा दिवाळी अंक काढला होता. ब्लॉगांवर आधीच येऊन गेलेल्या लेखनातून निवडलेलं त्यात होतं. पूर्वप्रकाशित नको, हा दंडक त्यांनी सरळ उलटा केला. वर्षभरात वाहून गेलेल्यातलं वेचून पुन्हा समोर ठेवायचं. आपल्या छापील अंकांनी हे अजून मनावर घेतलेलं नाही. दरम्यान २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं, २०१९ मध्ये गूगल प्लस. दोन वर्षं न उघडलेलं खातं मजकुरासकट काढून टाकू शकतो, असं गूगलनं जाहीर करून ठेवलं आहे. लिहिणारा माणूस वारला की दोन वर्षं सरायला वेळ लागत नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. सोसायटीच्या नोटिशीला प्रकाशक कुठून आणायचा?

टिकतं काय, याचा दाखला आपल्या पायाखालीच आहे. अशोकाचे चौदा लेख देशभर ठिकठिकाणी दगडांत कोरले गेले. सोपाऱ्यातून आपल्या हाती लागले ते दोन तुकडे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये भुईगावात नवव्याचा. उरलेले लेख आज वाचता येतात ते गिरनारला, काल्सीला, शाहबाजगढीला त्यांच्या प्रती होत्या म्हणून. इथला दगडसुद्धा एकटा पुरा पडला नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची गोष्ट तर आपल्या घरातलीच. गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा ते छापलं गेलं आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज माहीत नाही. १९०७ साली सालदान्हा यांनी मंगळुरात ते पुन्हा छापलं, ते भाविक घरांनी हातानं उतरवून ठेवलेल्या पोथ्यांवरून. छापखाना हरला आणि ओटीवरचा बोरू जिंकला.

आपल्याकडे निवड करणारे हात होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. नंदाखालचा हा माणूस पुढे उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, याचा आपण अभिमान बाळगतो. पण माझ्या लेखी त्याहून मोठं काम म्हणजे महिन्यामागून महिने इथल्या माणसांचं लेखन वाचून त्यातलं ठेवायचं काय, हे ठरवत बसणं. ‘जनपरिवार’सारख्या साप्ताहिकानंही तेच केलं. जुलै २०२४ मध्ये फादर गेले. त्यांची पुस्तकं आहेत, ती राहतील. पण त्यांच्या पुढाकारातल्या हरित वसईच्या लढ्यात टँकरवाल्यांविरुद्ध, बिल्डरांविरुद्ध साध्या माणसांनी लिहिलेली पत्रकं, घोषणा, सभेतली टाचणं? त्यांतली किती घरांत शिल्लक आहेत, हे आपापल्या माळ्यावर चढून बघा.

आता फोनवरच्या लेखनाला असा संपादक नाही आणि मिळणारही नाही. मग निवड लिहिणाऱ्यानंच करायला हवी. इथे आपला मराठी संकोच आडवा येतो. आपणच आपलं कसं निवडायचं, लोक काय म्हणतील! लोक काही म्हणत नाहीत, लोक पुढच्या फोटोकडे वळलेले असतात. आणि तुम्ही निवडलं नाही तरी निवड होतेच. तुमच्या माघारी मुलं फोन चाळतात, त्यात लग्नाची पत्रिका सापडते, तीच ठेवतात.

संपादकांना विनंती आहे की येत्या नाताळ अंकात आणि दिवाळी अंकात चार पानं सोडा. पूर्वप्रकाशित नसावे, ही अट तेवढ्या चार पानांपुरती उठवा. वर्तमानपत्रातले स्तंभ पुस्तकात आले तर चालतात, मग ग्रुपवरचा मजकूर अंकात का चालू नये? गावच्या वाचनालयांनी एक फळी द्यावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या संस्थेनं आपल्या गावाचं लेखन ठेवणं हे काही उपकारात मोडत नाही. फळी वरची असावी. खालच्या कप्प्यांचं काय होतं हे २०१८ मध्ये तळमजल्यावरच्या प्रत्येकानं पाहिलं आहे. कॉलेजातल्या मुलांनी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं पान उतरवून द्यावं. मोबाईलमधून मजकूर बाहेर काढणं आजोबांना जमत नाही, तुम्हाला दोन मिनिटांत जमतं.

आणि लिहिणाऱ्यांनो, तुमच्यासाठी. एकतीस डिसेंबरच्या आत यंदाचं एक पान निवडा. कविता चालेल, पत्र चालेल, लेकीच्या लग्नात वाचलेलं चालेल, महापालिकेला केलेला तक्रारअर्ज चालेल, पाककृती चालेल. लेझर प्रिंटरवर काढा, शाईच्या प्रिंटरची अक्षरं पाण्यात पसरतात. लॅमिनेशन करू नका, आतला कागद पुढे त्यातून सुटत नाही. स्टेपलरची पिन आपल्या खाऱ्या हवेत गंजते, दोऱ्यानं शिवा. बोलीतलं असेल तर प्रमाण मराठी करू नका. अवघड शब्दांचे अर्थ तळाशी द्या आणि तेच मोठ्यानं वाचून आवाजही भरून ठेवा. सामवेदीतले काही उच्चार देवनागरीच्या चिमटीत बसत नाहीत, ते फक्त आवाजातच राहतील. तीन प्रती काढा. एक घरी, एक वाचनालयात, एक गावाबाहेरच्या कुणा नातेवाइकाकडे.

पानाच्या मागच्या बाजूला हातानं चार ओळी लिहा. हे कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, वर्षभरातल्या बाकीच्या सगळ्यांतून हेच का उचललं. खाली नाव, गाव, तारीख. नुसतं वसई लिहू नका. उमेळा, सांडोर, रानगाव, चंदनसार, जे असेल ते लिहा. आपण कुठले लेखक, असं म्हणणाऱ्यांनी आधी आणून द्यावं. बाकीच्यांची कुठे ना कुठे छापून येण्याची थोडीफार सोय असते.