स्लॉट : खाच, वेळ आणि जुगार

‘स्लॉट’ म्हणजे खाच. भेटीसाठी राखून ठेवलेल्या वेळेलाही आज मराठीत सर्रास स्लॉटच म्हणतात. जुगाराच्या यंत्राला मात्र हे नाव मिळाले ते नाणे टाकण्याच्या फटीवरून. त्यात जुगाराचा उच्चारही नाही. गोव्यातील १९७६ च्या सार्वजनिक जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे ठेवण्याची वाट मोकळी झाली. त्या कलमात ‘स्लॉट मशीन’च्या जोडीला शब्द आहेत ‘इलेक्ट्रॉनिक करमणूक’! जुगार रोखणाऱ्या कायद्यानेच त्याला करमणूक म्हणावे, ही शब्दांची लबाडी होय. महाराष्ट्राच्या १९७६ च्याच कायद्याने निदान ‘कॅसिनो’ हा शब्द नावातच उघडपणे घेतला होता. तो कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये रद्द झाला.