उंचीचा मोबदला

१८७८ साली मुंबई विद्यापीठाच्या आवारात राजाबाई मनोरा पूर्ण झाला, तेव्हा सुमारे ८५ मीटर उंचीच्या त्या वास्तूसाठी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने द्रव्य दिले होते, आणि त्या उंचीचा लाभ घेण्यास मैदानावरून जाणाऱ्या पांथस्थाला मान वर करून घड्याळ पाहण्यापलीकडे कोणतीही अर्हता लागत नव्हती. आज वरळीला श्रीराम मिलच्या जागी ३२० मीटरांचा पॅले रोयाल, महालक्ष्मीला ३०१ मीटरांचा मिनर्व्हा आणि लोअर परळला श्रीनिवास मिलच्या भूमीवर २८० मीटरांचा वर्ल्ड वन असे मनोरे उभे आहेत. त्यांच्या रचनेतील कौशल्याविषयी मला आदर आहे. परंतु ही उंची केवळ मालकाच्या भांडवलातून निपजली, हे मात्र मला मुळीच मान्य नाही.

जमीन मालकाची असेल, पण तिच्यावर किती मजले चढावेत हे सरकारने ठरविलेला चटई क्षेत्र निर्देशांक सांगतो. म्हणजे साठावा मजला हा मूलतः सरकारी मंजुरीतून जन्मतो, आणि सरकार ती मंजुरी जनतेच्या वतीने देते. या मंजुरीचा मोबदला जनतेला काय मिळाला? १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा खात्यात पाऊल टाकता आले नाही. पुढे १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी राखला. परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, शेडखालची सारी जमीन मालकांकडे गेली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. दुरुस्ती मात्र अन्याय्य होती, असे मी आजही म्हणेन.

जे गिरणगावात घडले तेच निराळ्या रीतीने झोपडपट्ट्यांत घडते. ताडदेवचे इंपीरियल हे साठ मजली जुळे मनोरे एम. पी. मिल कंपाउंडमधील झोपडीवासीयांचे पुनर्वसन करून मोकळ्या झालेल्या जागेवर उभे राहिले. रहिवाशांनी दाटीवाटीने राहणे पत्करावे आणि त्यातून सुटलेल्या भूमीवर विक्रीच्या इमारतीने आकाश गाठावे, अशी ही योजना. मोफत घर मिळाले हे खरेच. पण अशा कित्येक इमारतींत सकाळी शाळेच्या वेळी दोनांपैकी एक लिफ्ट बंद, दुसरीपुढे दप्तरे पाठीला लावलेल्या मुलांची रांग, आणि चाळीच्या गॅलरीत दिवसभर माणसांत वावरलेली आजी सतराव्या मजल्यावर अडकून पडलेली, हे दृश्य नित्याचे आहे. पंप, जिन्यातले दिवे, आग विझविण्याची यंत्रणा, साऱ्यांचा देखभाल खर्च दरमहा तुटपुंज्या मिळकतीतून भागवावा लागतो.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे, कारण वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पहिली कुटुंबे ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांत, तीही चाळीस मजली इमारतींत, राहावयास गेली. त्यांचा आनंद न्याय्य आहे. तो टिकवावयाचा तर एकरकमी ठेव घेऊन विकासकास मोकळे करण्याची रीत अपुरी आहे. विक्रीच्या मनोऱ्यांकडून महापालिकेस दरवर्षी मिळणाऱ्या मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा त्याच प्रकल्पातील पुनर्वसन इमारतींच्या देखभालीसाठी कायम राखून ठेवण्याची तरतूद नियमावलीत व्हावी, आणि त्या इमारतीतील लिफ्ट व अग्निशमन पंप चालू असल्याचा तपासणी अहवाल दप्तरी दाखल झाल्यावाचून शेजारच्या उत्तुंग मनोऱ्याला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.