एकादशी आणि गोळी

"एकादशीस आजोबांची गोळी चुकली, तर काय बिघडलें?" असा प्रश्न सुशिक्षित घरांतहि आम्हांस ऐकूं येतो. हृदयाची लय अनियमित झाली म्हणजे त्याच्या वरच्या कप्प्यांत रक्त साकळून गुठळी होऊं शकते, व ती मेंदूंत गेल्यास पक्षाघात ओढवतो. तें टाळण्यासाठीं रिव्हरॉक्झाबान हें औषध देतात. परंतु त्याचा प्रभाव दिवसभरांतच ओसरतो. शिवाय 20 मिलिग्रॅमची गोळी रिकाम्या पोटीं घेतल्यास सुमारें एकतृतीयांश औषध रक्तांत उतरतच नाहीं. म्हणून उपवासाच्या दिवशींहि ती भरपूर फराळासोबतच द्यावी. विसरल्यास त्याच दिवशीं आठवतांच द्यावी. दुसऱ्या दिवशीं दुप्पट मात्र देऊं नये. निर्जळी व्रत करावयाचें असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. आजाऱ्याच्या व्रतास शास्त्रांत प्रतिनिधि चालतो; औषधास चालत नाहीं.