वाढीव मजले कोणासाठी?

पुण्यात बांधकामाचे नियम बदलण्याची वार्ता आली की शहराचे दोन तट पडतात. घरांची टंचाई हटवावयाची तर इमारती उंच झाल्याच पाहिजेत, असे बिल्डर आणि त्यांचे पाठीराखे सांगतात. पाणी, रस्ते व मैलावाहिन्या यांवर आधीच ताण असताना आणखी गर्दी नको, असे कोथरूड-एरंडवण्याचे जुने रहिवासी म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ज्यांना घराची खरी निकड आहे ते या वादात कोठेच नसतात. जनता वसाहतीतील बांधकाम मजूर, पेठेतल्या खचलेल्या वाड्यातील भाडेकरू, शहराच्या कडेहून दोन बसगाड्या बदलून धुण्याभांड्यांसाठी येणारी बाई यांचा विचार दोन्ही तटांना सोयीपुरताच सुचतो.

२०१३ साली जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा हेच चित्र दिसले. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंत चारपट चटईक्षेत्र देण्याचा प्रस्ताव त्यात होता. उद्याने, क्रीडांगणे व शाळा यांच्या आरक्षणांवरूनही मोठे वादंग माजले. सुमारे ८७ हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. एका शहराच्या नकाशावर इतक्या नागरिकांनी लेखी मत द्यावे, ही लोकशाहीची जागृतीच होती. पण पुढे काय घडले? मुदतीत निर्णय झाला नाही या कारणास्तव मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपविला. जानेवारी २०१७ मध्ये त्यास मंजुरी मिळाली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृहच नव्हते; प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याचा विषय मानला. त्या दुरुस्तीची पुण्यात झालेली ही अवस्था आहे.

वादाचे मूळ मात्र याहून खोल आहे. चटईक्षेत्र म्हणजे काय, हे प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक १.१ असेल तर अकराशे फूट बांधता येते. तो ४ झाला की चार हजार. मधल्या एकोणतीसशे फुटांसाठी जमीनमालकाने घाम गाळलेला नसतो. ते मूल्य शासनाच्या एका आदेशाने आणि जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मेट्रोने निर्माण केलेले असते. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मेट्रो स्थानकांच्या परिसरात रस्त्याची रुंदी पाहून चारपर्यंत निर्देशांक देण्याची वाट मोकळी केली. समाजाने निर्माण केलेल्या या मूल्यातून काही अधिमूल्य पालिकेच्या तिजोरीत येते. परंतु स्थानकाजवळ राहण्याची गरज ज्यांना सर्वांत अधिक, त्या बसने व पायी फिरणाऱ्या श्रमिकांच्या वाट्याला त्या इमारतीत किती घरे येतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

म्हणून दाट वस्तीला सरसकट विरोध करणे हे समाजवाद्यांचे धोरण होऊ शकत नाही. शहराच्या मध्यभागी जागा नाकारली की माणसे नाहीशी होत नाहीत. ती कडेला ढकलली जातात. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुण्याच्या हद्दीत आली. तेथील कित्येक वसाहती टँकरच्या पाण्यावर जगतात. बंगल्यांच्या वसाहतीतील शांतता अबाधित राहते आणि तिचे मोल ही गावे चुकवितात. त्याचबरोबर, निसर्गाची मर्यादा न पाळणारी घरबांधणी गरिबांच्याच जिवावर उठते, हेही विसरून चालणार नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काठच्या संसारांची वाताहत केली. ओढ्याचे पात्र आवळत गेले ते वर्षानुवर्षांच्या नियोजनशून्यतेमुळे. पण जून २०२१ मध्ये घरांवर बुलडोझर फिरला तो काठच्या झोपडीवासीयांच्या. टेकड्या, ओढे व नदीपात्र यांवर एकही मजला नको, ही मागणी म्हणूनच गरिबांचीही आहे.

शासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे पुण्याने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहतींतून पूरग्रस्तांना हक्काचा निवारा मिळाला. पुढे १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने अतिरिक्त जमीन दुर्बळांच्या घरांसाठी मिळविण्याची आशा दाखविली. सवलतींच्या पळवाटांनी तो पोखरला गेला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो गुंडाळला. आज नियमावलीत उरली आहे ती चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवर वीस टक्के लहान घरांची तरतूद. ती काटेकोरपणे पाळली जाते की नाही, हे पाहणे हा चळवळीचा कार्यक्रम झाला पाहिजे.

मागण्या स्पष्ट आहेत. वाढीव चटईक्षेत्र द्यावयाचे तर पाणी व मैलावाहिनी यांची क्षमता आधी जाहीर व्हावी. वाढीव बांधकामाचा ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी सार्वजनिक मालकीत यावा. वाड्यांतील भाडेकरू व झोपडीवासी यांचे पुनर्वसन त्याच परिसरात व्हावे. आणि खेळाच्या मैदानावरील आरक्षण क्षेत्रसभेला विचारल्याशिवाय उठू नये.

हे काम निवेदन देऊन होणारे नाही. नकाशा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत मोजक्या दिवसांची असते. सोसायट्यांतील रहिवाशांकडे वास्तुरचनाकार असतात, बिल्डरांकडे वकील. वस्तीत नकाशा पोहोचतो तो बुलडोझरसह. तो त्याआधी पोहोचविणे, सर्व्हे नंबर वाचून दाखविणे आणि मराठीत हरकत लिहून तिची पोच घेणे, हे पक्षाच्या प्रत्येक शाखेचे कर्तव्य आहे. सोसायटीतला रहिवासी आणि वस्तीतला माणूस एका हरकतीखाली सही करतील, तेव्हाच शहराचा आराखडा बिल्डरांच्या कार्यालयातून बाहेर येईल.