एक मोठी की दोन लहान?

गाण्यांसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या कंपनीची घेऊ?" दुसरा, "किती टीबीची?" आणि नुकतीच पगारवाढ झाली असेल तर तिसरा, "एसएसडीच घेऊन टाकू का?" मंडळी, माझ्या मते हे तिन्ही प्रश्न दुय्यम आहेत. खरा प्रश्न एकच: ही डिस्क उद्या बंद पडली, तर तीच गाणी दुसरीकडे कुठे आहेत?

आधी थोडं गणित. (इंजिनियर माणूस, आकड्यांशिवाय घास उतरत नाही!) सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट, तासाला साधारण ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये एकही बिट न गमावता तो जवळजवळ निम्म्यावर येतो. तासाला ३५० एमबी धरले तरी १ टीबीत अडीच हजार तासांहून जास्त गाणं मावतं. रोज दोन तास ऐका, तीन वर्षं पुरेल.

आता वेग. हे वाजवायला सेकंदाला ०.२ एमबीसुद्धा लागत नाहीत आणि साधी फिरती डिस्क १०० एमबीच्या आसपास सहज देते. एसएसडीवर ठेवल्याने भीमपलास जास्त सुरेल लागत नाही! हातातून पडली तर एसएसडी जास्त तग धरते हे मान्य. पण वर्षानुवर्षं न जोडता कपाटात ठेवली तर तिच्यातला चार्ज गळून डेटा जाऊ शकतो. कपाटातल्या प्रतीसाठी साधी डिस्कच बरी.

म्हणून ४ टीबीची एक घेण्यापेक्षा २ टीबीच्या दोन घ्या. शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच मॉडेलचा दोष दोन्हींत यायचा नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालायला हवं तर एक्सफॅट फॉरमॅट करा, फक्त काढताना 'इजेक्ट' करायला विसरू नका. एक डिस्क आपल्या टेबलावर, दुसरी गावी आई-बाबांकडे. दिवाळीला घरी गेलात की नवीन भर कॉपी करायची आणि जमलं तर फ्लॅक फाइल्स तपासून घ्यायच्या. त्यांच्यात मूळ आवाजाचा चेकसम असतो, बिघाड लगेच कळतो.

"पण माझ्याकडे रेड आहे ना!" असेल, पण चुकून एखादा फोल्डर उडवला तर रेड तो दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीत उडवतं. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, गाणी नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: "आता सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं की!" सिनेमाची गाणी बरीचशी मिळतात, खरंय. पण बाबांनी रेडिओवरून टेप केलेली मैफल, गणेशोत्सवात आजोबांनी म्हटलेलं नाट्यगीत, ते कुठे मिळणार? आणि नेटवर चढवलं म्हणजे सुटलो असंही नाही. सर्व्हर बदलताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेली गाणी गेली, असं मायस्पेसने २०१९ साली कबूल केलं होतं.

साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर घ्यायला साठ मिनिटंच लागतात. तिथे कुठलाही प्रोसेसर मदतीला येत नाही. वर बाजू पलटायला माणूस बसावा लागतो. शंभर कॅसेट म्हणजे शंभर तास, आणि काही वर्षांनी त्या फिती वाजतीलच याची खात्री नाही. एवढ्या मेहनतीपुढे दुसऱ्या डिस्कचे पैसे म्हणजे दोन-तीन वीकेंडचं बाहेरचं जेवण.

तेव्हा पुढच्या सेलमध्ये मॉडेल कुठलंही निवडा, कार्टमध्ये संख्या मात्र दोन. बघा पटतंय का!